आमच्या सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीला खुलं पत्र: भाडेकरूंवरचं सर्क्युलर मागे घ्या

माननीय चेअरमन काका, सेक्रेटरी साहेब आणि कमिटीतल्या सगळ्या मेंबरांना नमस्कार.

लिफ्टशेजारच्या बोर्डावर तुमचं नवीन सर्क्युलर लागलंय आणि त्याच रात्री ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण गेलं. त्या ग्रुपवर आम्हा भाडेकरूंना घेतलेलं नाही, त्यामुळे ते मला आमच्या घरमालकीण काकूंनी फॉरवर्ड केलं, खाली एवढंच लिहिलं होतं की बघ बाई, आता काय करायचं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यापुढे बॅचलर मुलं किंवा मुली यांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. जे आत्ता राहतायत त्यांचं ॲग्रीमेंट संपलं की रिन्यू करायचं नाही. तोपर्यंत त्यांनी रात्री साडेदहाच्या आत गेटमधून आत यायचं आणि नऊनंतर त्यांच्याकडे पाहुणा चालणार नाही. अशा फ्लॅटच्या बिलात दर महिन्याला १,००० रुपये जादा, सामान आणायला-न्यायला ५,००० रुपये, आणि पैसे थकले तर त्या फ्लॅटचं पाणी बंद.

हे पत्र मी उघड लिहितेय त्याला कारण आहे. सोसायटीत आम्हाला बोलायला दुसरी जागाच नाही. मीटिंगला आम्हाला बसता येत नाही, ऑफिसमध्ये अर्ज घेऊन गेले तर "मालकांना पाठवा" म्हणून अर्ज परत दिला, उपनिबंधकांकडे, म्हणजे सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे, जायचं म्हटलं तर तिथेही सोसायटीचे मेंबर असाल तर तक्रार पुढे सरकते, आणि आम्ही मेंबर नाही. म्हणजे राहतो आम्ही, नियम आमच्यासाठी होतात, आणि त्यावर एक अक्षर बोलायची सोय नाही. शिवाय वारजे, कोथरूड, वाकड, खराडी, कुठेही राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या मुला-मुलींना विचारलं तर प्रत्येकाकडे असं एखादं सर्क्युलर आहेच, त्यामुळे हे फक्त आपल्या गेटच्या आतलं भांडण नाही. सोसायटीचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही आणि कुणा एका माणसावर माझा रागही नाही.

मी लातूर जिल्ह्यातली, पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. माझ्याबरोबर दोघी जणी राहतात, एक हिंजवडीला आयटीत आहे आणि दुसरी एमपीएससीचा अभ्यास करते. महिन्याला २४,००० भाडं आणि ७५,००० डिपॉझिट, ते आम्ही तिघींनी मिळून भरलंय, माझ्या वाट्याचे पैसे माझ्या वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून दिले होते. इथून निघा म्हटलं तर परत ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, परत डिपॉझिट, परत टेम्पो, आणि परत तेच प्रश्न: लग्न झालंय का, आडनाव काय, नॉनव्हेज खाता का. म्हणून हे सर्क्युलर माझ्यासाठी बोर्डावरचा कागद नाही, ते माझं घर आहे.

आता एकेक मुद्दा घेते.

पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा असा की हे ठरवायचा अधिकार कमिटीला आहे कुठे? सहकारी गृहनिर्माण संस्थांचे २०१४ चे आदर्श उपविधी आहेत, म्हणजे सोसायटी कशी चालवायची याचे नमुना नियम, त्यात ४३ नंबरला स्पष्ट आहे की मेंबरने आपला फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवान्याच्या करारावर, द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. मेंबरने काय करायचं, तर आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं, ॲग्रीमेंटची कॉपी द्यायची आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याचा कागद द्यायचा. आमच्या काकूंनी हे तिन्ही केलंय, पोच माझ्याकडे आहे. त्यात कुठेही लिहिलेलं नाही की भाडेकरू लग्न झालेलाच पाहिजे. आणि उपविधी बदलायचे असतील तर सर्वसाधारण सभेत ठराव लागतो, मग त्याला निबंधकांची मंजुरी लागते, तेव्हा कुठे तो बदल लागू होतो. पाच-सहा जणांनी ऑफिसात बसून टाईप केलेल्या कागदाने तो होत नाही. काकूंनी सेक्रेटरी साहेबांना विचारलं की हा ठराव कुठल्या सभेत झाला, त्याचं अजून उत्तर आलेलं नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते पैसे, किती घ्यायचे हे काही कमिटीच्या मनावर नाही. राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ ला सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली आदेश काढला की हे चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत, आणि त्या सर्व्हिस चार्जेसमध्ये महापालिकेचा टॅक्स धरायचा नाही. मुंबईतल्या एका सोसायटीने त्याला हायकोर्टात आव्हान दिलं होतं, २००७ मध्ये हायकोर्टाने सरकारचा आदेश कायम ठेवला. आता काकूंचं बिल बघा. एकूण बिल २,८०० च्या आसपास, त्यात सिंकिंग फंड, रिपेअर फंड, पाणी हे वेगळं काढलं तर सर्व्हिस चार्जेस १,६०० रुपये राहतात. त्याचे १० टक्के म्हणजे १६०. ते १६० काकू पहिल्यापासून भरतायत. मग हे वरचे १,००० कुठल्या नियमाने लावले? आणि बॅचलर असला तर जादा, फॅमिली असली तर कमी, असा फरक त्या आदेशात कुठे आहे तेही दाखवा. बिल काकूंच्या नावाने येतं हे खरं, पण शेवटी ते भाड्यात धरून आमच्याकडूनच येणार हे तुम्हालाही माहितेय.

शिफ्टिंगच्या पाच हजारांचं पण तसंच. सामान चढवताना लिफ्टला, भिंतींना लागतं हे मला पटतं, त्यासाठी तुम्ही परत मिळणारं डिपॉझिट घ्या, लिफ्टचा फोटो आधी काढा, नंतर काढा, नुकसान झालं असेल तर कापा, मी स्वतः सही करते. पण परत न मिळणारे पाच हजार, तेही फक्त भाडेकरूंकडून, आणि त्याची पावती "देणगी" म्हणून? आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये मालकांनी अख्खं किचन तोडून नवीन केलं, महिनाभर त्याच लिफ्टने विटा, वाळू आणि टाईल्सची खोकी गेली, त्यांना एक रुपया लावला नाही, आणि लावावा असं मला वाटतही नाही, सगळ्यांना एक नियम लावा एवढंच म्हणणं आहे.

तिसरा मुद्दा गेटचा, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण हा रोजचा आहे. माझी इव्हिनिंग ड्युटी असते तेव्हा घड्याळात नऊ वाजले म्हणजे ड्युटी संपली असं नसतं. हँडओव्हर द्यायचा असतो. एकेका बेडपाशी उभं राहून पुढच्या सिस्टरला सांगावं लागतं की या पेशंटचं व्हेंटिलेटर सेटिंग आज बदललंय, हे इन्फ्युजन या रेटने चालू आहे, युरिन आऊटपुट कमी झालंय लक्ष ठेव, याला अकराला अँटिबायोटिक आहे, त्याच्या नातेवाईकांना डॉक्टरांनी काय सांगितलंय. एखादा पेशंट त्याच वेळेला बिघडला तर बॅग खांद्याला लावलेली असली तरी परत खाली ठेवावी लागते. सोसायटीचं गेट बंद होईल म्हणून मी ते अर्धवट टाकून निघू शकत नाही, आणि तुमच्या घरातलं कुणी त्या बेडवर असेल तर मी तसं निघावं असं तुम्हालाही वाटणार नाही.

सर्क्युलर लागल्यानंतर मी पावणेअकराला आले तेव्हा वॉचमन दादांनी छोटं गेट उघडलं नाही, आधी एक नवीन रजिस्टर पुढे केलं. त्यात नाव, फ्लॅट नंबर, वेळ, आणि शेवटी एक कॉलम, "उशिराचे कारण". मी माझ्या स्वतःच्या घरी जायचं कारण लिहायचं. दादांनी खाली बघूनच सांगितलं की ताई, कमिटीने सांगितलंय, माझी नोकरी जाईल. मी लिहिलं, ड्युटी. माझं लिहून होईपर्यंत मागून एक गाडी आली, दादांनी मोठं गेट उघडलं, सलाम केला, गाडी आत गेली, त्यांना काही रजिस्टर नव्हतं. मी त्या गाडीवाल्यांना दोष देत नाही, त्यांना माहितीही नसेल. पण एकाच गेटवर, एकाच वेळेला, एकाला सलाम आणि दुसरीला कारणे द्या, हे मला चालणार नाही.

सर्क्युलरमध्ये लिहिलंय की हे मुलींच्या सुरक्षिततेसाठी आहे. काका, खरंच सुरक्षितता हवी असेल तर आपल्या गेटपासून मेन रोडपर्यंतच्या गल्लीत दोन दिवे कितीतरी दिवस बंद आहेत ते सुरू करायला महापालिकेकडे तक्रार टाका. पार्किंगमधला मागच्या बाजूचा कॅमेरा चालत नाही तो दुरुस्त करा. रात्री उशिरा दमून आलेल्या मुलीला गेटच्या बाहेर अंधारात रजिस्टर भरत उभं करणं ही कुठली सुरक्षितता झाली? मी सज्ञान आहे, रात्री किती वाजता घरी यायचं हे माझे आईवडीलही मला विचारत नाहीत, ते विचारतात की जेवलीस का.

पाहुण्यांचंही तेच. माझा भाऊ लातूरहून येतो, एसटी स्वारगेटला रात्री दहाला पोचते. तो कुठे जाणार? माझ्या रूममेटची आई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी येणार आहे, तिला नऊनंतर बाहेर काढायचं का? पाहुण्याची एंट्री करा, फोन करून आम्हाला विचारा, ते सगळ्यांसाठी आहेच आणि असावंच.

चौथा मुद्दा कागदपत्रांचा. आमच्याकडून आधार कार्डाची कॉपी, फोटो, ऑफिसचं आयडी, आईवडिलांचे फोन नंबर, सगळं घेतलं, आम्ही दिलं. त्यानंतर तेच कागद फोटो काढून ग्रुपवर टाकले गेले, "नवीन भाडेकरू, बी विंग" म्हणून. पूर्ण आधार नंबर दिसतोय, गावाचा पत्ता दिसतोय, माझ्या आईचा मोबाईल नंबर दिसतोय. त्यानंतर आईला अनोळखी फोन यायला लागले, ते यामुळेच आले असं मी म्हणत नाही, पण शंभराहून जास्त लोकांच्या फोनमध्ये तो नंबर कशाला पाहिजे होता? ओळख पटवायला शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं, सरकारच तशी सोय देतं. आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची जबाबदारी घरमालकाची आहे, ती ऑनलाईन भरता येते, काकूंनी भरलीय. एकदा पोलिसांकडे माहिती गेली की सोसायटीने वेगळं पोलीस स्टेशन चालवायची गरज नाही.

त्याच फॉर्ममध्ये धर्म, जात आणि "आहार: शाकाहारी / मांसाहारी" असे रकाने आहेत. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा चांगली नर्स, कोविडमध्ये पीपीई किट घालून बारा-बारा तास उभी राहिलेली. तिचं आडनाव ऐकलं की फोनवरच "फ्लॅट गेला" सांगतात, आणि तोच फ्लॅट मी विचारला की संध्याकाळी बघायला या म्हणतात. तिला शेवटी हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर एका खोलीत चौघींत राहावं लागतंय. ते रकाने कुणी आणि कशासाठी टाकले मला माहीत नाही, पण लिफ्ट चालवायला किंवा टँकर मागवायला भाडेकरूची जात लागत नाही.

पाचवा मुद्दा पाण्याचा. पैसे थकले तर पाणी बंद, हे वाक्य तुम्ही लेखी दिलंय ते एका दृष्टीने बरं झालं. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याच्या कलम २९ मध्ये घरमालकाला किंवा त्याच्या वतीने कुणाला, योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज असल्या अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई आहे. आमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा आहे, सोसायटी म्हणजे घरमालक नाही, म्हणून ते कलम आम्हाला लागू पडतं की नाही यावर वकील वाद घालू शकतील हे मला कळतं. पण वाद बाजूला ठेवा. थकबाकी असेल तर ती मेंबरकडून कायदेशीर वसूल करायचा रस्ता सहकार कायद्यातच आहे. तो सोडून घरात राहणाऱ्या माणसाचा नळ बंद करणं, तेही ज्या चार्जेसचा आकडाच नियमात बसत नाही त्यासाठी, हे तुमच्यापैकी कुणालाही घरी जाऊन सांगताना बरं वाटेल असं मला वाटत नाही.

आता आमच्या जबाबदारीबद्दल. कारण मला माहितेय की हे वाचून कुणीतरी म्हणेल की हक्क हक्क करतात, वागायचं कसं ते बघा आधी.

आमचं ॲग्रीमेंट रजिस्टर्ड आहे. एजंट घरी आले होते, लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन. दिवसभर सॅनिटायझर आणि ग्लोव्ह्ज यामुळे माझ्या बोटांचे ठसे मशीनवर लवकर येत नाहीत, त्यांनी ओल्या रुमालाने पुसायला सांगितलं, मग कोरडं केलं, मग दुसरं बोट, मग तिसरं, शेवटी एकदाचं हिरवं झालं. पाव टक्का स्टॅम्प ड्यूटी आणि १,००० रुपये रजिस्ट्रेशन फी आम्ही आणि काकूंनी अर्धी-अर्धी भरली. हे मी एवढ्यासाठी सांगतेय की १९९९ च्या त्याच भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, तो केला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. आपल्याच सोसायटीत नुसत्या पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेले फ्लॅट आहेत. सर्क्युलर काढायचंच होतं तर त्यावर काढायला पाहिजे होतं, त्याने मालक आणि भाडेकरू दोघांचं भलं झालं असतं.

भाडं आम्ही पाच तारखेच्या आत ऑनलाईन पाठवतो. नळाचा वॉशर गेला, बटण खराब झालं, दाराचं हँडल ढिलं झालं तर आम्ही आमच्या खर्चाने करतो, भिंतीतून ओल आली किंवा वायरिंगचा प्रश्न असला तर काकूंना सांगतो. केंद्राने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा आणला त्यातही साधारण अशीच वाटणी दिलीय, बारीकसारीक दुरुस्ती भाडेकरूने, बांधकाम, रंग, पाईप, वायरिंग मालकाने. आपल्याकडे राज्याचा १९९९ चाच कायदा चालतो, पण ही वाटणी कुणालाही पटेल अशी आहे. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करून सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना देतो. भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारतो. चौथी मुलगी गुपचूप ठेवत नाही. सोडायचं झालं तर एक महिना आधी सांगणार हे करारात आहे आणि ते पाळणार.

आणि ज्या प्रकारावरून हे सगळं सुरू झालं तो सी विंगमधल्या मुलांच्या पार्टीचा प्रकार, त्याबद्दल पण बोलते. रात्री दोनपर्यंत गाणी चालू होती, डक्टमध्ये बाटल्या टाकल्या, खालच्या मजल्यावरच्या आजींना त्रास झाला. हे चुकीचंच होतं. त्या मुलांना नोटीस द्या, त्यांच्या मालकाला बोलवा, दंड करा, परत झालं तर मालकाला ॲग्रीमेंट संपवायला सांगा, पोलिसांना बोलवा, रात्री दहा ते सहा आवाजाचा नियम देशभर आहे आणि तो सगळ्यांना आहे. त्याला एकही भाडेकरू विरोध करणार नाही, मी तर करणारच नाही, नाईट करून आले की दिवसा झोपायचं असतं, शांतता मलाही हवी असते. पण चूक त्या चौघांची आणि घर जाणार माझं, माझ्या रूममेट्सचं, ए विंगमधल्या त्या बँकेत काम करणाऱ्या एकट्या ताईंचं, डी विंगमधल्या घटस्फोट झालेल्या सरांचं? लग्न न झालेला माणूस गोंधळ घालणार असं आधीच धरून चालायचं?

मालकांच्या मनात एक जुनी भीती पण आहे, ती मला समजते. १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि भाडी १९४० च्या आकड्यांवर गोठली. पेठांमधल्या वाड्यांत पिढ्यानपिढ्या नाममात्र भाड्यात लोक राहिले, मालकाला डागडुजी परवडेना, वाडे पडायला आले. मग १९७३ मध्ये, १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं, तेव्हापासून "एकदा घुसला की निघत नाही" हे घराघरात बसलंय. आमच्या काकूंचे यजमान याच भीतीने वर्षानुवर्षं फ्लॅट रिकामा ठेवून होते. पण आता १९९९ च्या कायद्याचं कलम २४ आहे, मुदत संपली की लायसन्सवर राहणाऱ्याने घर सोडायचं, नाही सोडलं तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट रक्कम मोजायची, आणि त्यासाठी वेगळे सक्षम प्राधिकारी आहेत, दिवाणी कोर्टात वर्षं घालवावी लागत नाहीत. अकरा महिन्यांची पद्धत त्या भीतीतूनच रुळली. म्हणजे मालकाची बाजू कायद्याने आधीच घट्ट धरून ठेवलीय. आमच्या बाजूला काय आहे? दर अकरा महिन्यांनी मालकाचा फोन येईपर्यंत वाट बघायची एवढंच.

इथे घरमालकांनाही दोन शब्द सांगते, कमिटीत तुम्ही सगळे मालकच आहात. घर सोडताना पेंटिंगच्या नावाने सरसकट एक महिन्याचं भाडं कापू नका, काय खराब झालं ते दाखवा आणि तेवढंच कापा. डिपॉझिट चावी घेतानाच परत द्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका, त्याच पैशाने आम्हाला पुढचं घर घ्यायचं असतं. आणि घर बघायला यायचं असेल तर आधी कळवून या. आमच्या काकू नेहमी मेसेज करून येतात, येताना लाडू पण आणतात, म्हणून त्यांच्याबद्दल माझी कधी तक्रार नाही आणि म्हणूनच त्यांना हजार रुपयांचा भुर्दंड बसतोय याचं मला जास्त वाईट वाटतं. निवृत्त शिक्षिका आहेत, या भाड्यावर त्यांची औषधं चालतात. बॅचलर नको म्हणून फ्लॅट दोन-तीन महिने रिकामा राहिला तर तो तोटा कमिटी भरून देणार आहे का?

तर आमच्या मागण्या या आहेत.

हे सर्क्युलर लेखी मागे घ्या, आणि ते ज्या ग्रुपवर, ज्या बोर्डावर लावलंत तिथेच मागे घेतल्याचं लावा. रिन्यूअल होणार की नाही हे मालक आणि भाडेकरू यांच्यात राहू द्या.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर आणा, जे जादा घेतलेत ते पुढच्या बिलात वळते करा. शिफ्टिंगसाठी फी नको, परत मिळणारं डिपॉझिट ठेवा आणि ते मेंबर असो की भाडेकरू, दोघांना सारखं ठेवा.

गेटवरचं "उशिराचे कारण" रजिस्टर बंद करा. पाहुण्यांचा एकच नियम सगळ्या फ्लॅटना लावा. गल्लीतले दिवे आणि पार्किंगमधला कॅमेरा या महिन्यात सुरू करून घ्या.

ग्रुपवर टाकलेले आमचे आधारचे फोटो डिलीट करायला सगळ्यांना सांगा, यापुढे मास्क्ड आधार घ्या, फॉर्ममधले धर्म, जात आणि आहार हे रकाने काढा.

पाणी बंद करायची धमकी कुठल्याही फ्लॅटला देऊ नका.

गोंधळ, आवाज, कचरा, पार्किंग यावर एक साधी लेखी नियमावली करा, कुठल्या चुकीला काय कारवाई ते त्यात स्पष्ट असू द्या, ती सगळ्या रहिवाशांना लागू करा. आम्ही भाडेकरू त्यावर सही करून देऊ.

आणि शेवटची, सभेत आम्हाला मत नको, ते मेंबरांचंच आहे. पण ३० सप्टेंबरच्या आत जी वार्षिक सभा होईल तिथे भाडेकरूंच्या दोन प्रतिनिधींना बसू द्या आणि दहा मिनिटं बोलू द्या. पाणी, लिफ्ट, सिक्युरिटी याबद्दल आमच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, त्यात तुमचंही कामच सोपं होईल.

या पत्राची कॉपी मी काकूंच्या सहीने ऑफिसमध्ये देतेय, पोच द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळालं नाही तर काकू आणि आणखी तीन मेंबर, ज्यांचे फ्लॅट भाड्याने आहेत, ते उपनिबंधकांकडे रीतसर तक्रार करतील, तसं त्यांनी मला सांगितलंय. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटतं. पुढचा आठवडा माझी मॉर्निंग ड्युटी आहे, संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते. बोलवलंत तर ॲग्रीमेंट, पोलिसांकडची पोच, काकूंची बिलं आणि उपविधींचं पुस्तक घेऊन ऑफिसमध्ये येते, समोरासमोर बसून बोलू.

आपली,
बी विंगमधली एक भाडेकरू